एकेका फरशीचा हिशेब

भट्टीतून नुकतीच काढलेली, आतून अजून केशरी दिसणारी एक वडी. तापमान हजार अंशांच्या वर. एक माणूस ती कोपऱ्यांना धरून नुसत्या बोटांनी उचलतो. हातचलाखी वाटते, पण अमेरिकेच्या स्पेस शटलवर बसवायच्या फरश्यांची ही ठरलेली करामत होती. वाळूत असतं ते सिलिका, त्याचेच बारीक तंतू, आणि उरलेली नव्वद टक्के निव्वळ पोकळी. उष्णता आतून बाहेर इतकी सावकाश येते की कडा क्षणात निवतात आणि गाभा धगधगत राहतो.

माणसांना कक्षेत नेऊन परत आणणारं आणि पुन्हा उडणारं पहिलं यान या फरश्यांवर तगलं. माझ्या मते त्याचं आर्थिक गणित फसलं त्यातही या फरश्यांचा वाटा मोठा होता.

तसं पाहिलं तर पुन्हा वापरायचं यान शटलच्या आधीही होतं. बॉम्बर विमानाच्या पंखाखाली टांगून वर नेलं जाणारं एक्स-१५ हे रॉकेट-विमान १९५९ ते १९६८ या काळात १९९ वेळा उडालं आणि १९६३ मध्ये वैमानिक जो वॉकरनं ते दोनदा शंभर किलोमीटरच्या वर नेलं. पण वर जाऊन खाली येणं वेगळं आणि कक्षेतून परतणं वेगळं. कक्षेतलं यान ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगानं वातावरणात घुसतं. ते घर्षणानं तापतं असं आपण म्हणतो, पण मुख्य कारण दुसरंच आहे. समोरच्या हवेला बाजूला सरायला सवडच मिळत नाही, ती दाबली जाते आणि तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक गरम लागतं, तसंच.

शटलआधीच्या कुपीच्या आकाराच्या अंतराळयानांवर यासाठी जळत झिजणारं कवच असायचं. एकदा जळलं की काम संपलं. शटल पुन्हा उडवायचं, म्हणून न जळणाऱ्या फरश्या हव्या होत्या. यानाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, पावणेदोनशे अंशांपलीकडे तो जाऊ द्यायचा नाही, आणि पोटाखालच्या फरश्या मात्र साडेबाराशे अंशांपर्यंत तापणार. सांगाडा ताणला-आखडला की ठिसूळ फरशी तडकते, म्हणून मध्ये नमद्यासारखी गादी. एका यानावर अशा सुमारे २४ हजार फरश्या. कोलंबिया नावाच्या शटलवर तर तीस हजारांहून जास्त. प्रत्येकीचा आकार यानावरच्या तिच्या जागेपुरता कापलेला, प्रत्येकीवर तिचा क्रमांक. एक निघाली तर शेजारची बसवून चालत नाही. त्यातून प्रत्येक उड्डाणातल्या उष्णतेनं फरशीतलं जलरोधक रसायन उडून जायचं. मग एकेका फरशीला बिनसुईच्या पिचकारीनं पुन्हा डोस. फरशी पाणी प्याली की जड होणार, आणि अवकाशात त्या पाण्याचा बर्फ झाला की फुटणार.

दर दोन आठवड्यांनी तेच यान पुन्हा उडेल, अशी मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात सर्वांत झटपट फेरा अटलांटिसचा, १९८५ मधला, आणि तोही ५४ दिवसांचा. वर्षभरात जास्तीत जास्त उड्डाणं झाली ती नऊ, त्याच वर्षी. बाहेरची प्रचंड इंधनटाकी तर दर वेळी फेकूनच दिली जायची. वापरलेलं यान पुन्हा उडत होतं हे खरं, पण मधल्या काळात ते जवळजवळ नव्यानं घडवलं जात होतं.

तरी त्यानं केलेलं काम थोडं नाही. हबल दुर्बीण १९९० मध्ये डिस्कव्हरीनं वर नेली आणि तिची नजर अधू निघाल्यावर १९९३ मध्ये एंडेव्हरमधून गेलेल्या अंतराळवीरांनी ती वरच दुरुस्त केली. आपला इन्सॅट-१बी ऑगस्ट १९८३ मध्ये चॅलेंजरच्या पोटातून गेला. त्यानंतर दूरदर्शन गावोगावी पोचलं त्यात या उपग्रहाचा हात मोठा.

शटलला वर ढकलणारी जोड-रॉकेटं, म्हणजे बूस्टर, समुद्रात पडायचे आणि जहाजांनी ओढून आणले जायचे. आणलेल्या बूस्टरांत सांध्यांची रबरी कडी जळालेली सापडत होती. जानेवारी १९८५ मधल्या थंडीतल्या उड्डाणानंतर तर कड्यांच्या पलीकडे काजळी दिसली. म्हणजे पुरावा हातात होता. वर्षभरानं, २८ जानेवारी १९८६ ला, त्याहून थंड सकाळी चॅलेंजर ७३ सेकंदांत फुटलं. सात जण गेले.

फरश्यांनीही इशारा दिला होता. १९८८ मध्ये बूस्टरच्या टोकावरचा तुकडा निसटून अटलांटिसच्या सातशेहून जास्त फरश्यांना इजा झाली, एक तर उडूनच गेली. नेमकी त्या जागी अँटेनाखालची जाड धातूची पट्टी होती, म्हणून पाच जण वाचले. कल्पना चावला ज्यात होती त्या कोलंबियाच्या नशिबी ती पट्टी नव्हती. जानेवारी २००३ मध्ये इंधनटाकीवरच्या उष्णतारोधक फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. तिथं फरशी नव्हे, कार्बनचं कवच होतं. फोम तो काय, असं पुष्कळांना वाटलं. १ फेब्रुवारीला परतताना त्या धडकेनं पडलेल्या भोकातून तापलेली हवा पंखात शिरली. पुढे चाचणीत तसाच फोम तोफेतून तशाच कवचावर मारला, तेव्हा पडलेल्या भोकातून माणसाचं डोकं सहज आत गेलं असतं.

१३५ उड्डाणांनंतर जुलै २०११ मध्ये शटल थांबलं. त्यानंतरचं स्पेसएक्स कंपनीचं क्रू ड्रॅगन यान दिसायला मागे गेल्यासारखं आहे: पुन्हा कुपी, पुन्हा झिजणारं कवच, पुन्हा पॅराशूटनं समुद्रात. पण ते रॉकेटच्या टोकावर बसतं, त्यामुळे वरून काही पडायचं भय नाही आणि रॉकेट बिघडलं तर निसटता येतं. मागचा नळकांड्यासारखा भाग फेकला जातो, कुपी मात्र राहते. २०२० मध्ये अंतराळवीर बॉब बेन्केन ज्या कुपीतून गेला, तीच एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा उडाली. या वेळी त्याच खुर्चीत त्याची बायको मेगन मॅकआर्थर बसली होती.