सर्जनला उभे राहायला कोण शिकवते?

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय सरावाचा आहे. शिष्याने आधी भोपळा, काकडी, कलिंगड अशा फळांवर छेद घ्यावेत, हात बसल्यावरच रोग्याकडे वळावे, असे तो सांगतो. शस्त्रक्रियेचे शिक्षण तेव्हापासून हाताभोवतीच फिरत राहिले. त्या हातामागच्या खांद्याचे, मानेचे आणि कमरेचे काय होते, हा प्रश्न गांभीर्याने विचारला जायला विसावे शतक संपत यावे लागले.

एक कारण वेळेचे. भूल नव्हती तेव्हा लंडनचा रॉबर्ट लिस्टन पाय कापण्याचे काम काही मिनिटांत उरकत असे. शुद्धीवर असलेल्या रोग्यावर त्याहून जास्त वेळ घेणार कसा? ऑक्टोबर १८४६ मध्ये बॉस्टनला ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि डिसेंबरात लिस्टननेही ईथर देऊन शस्त्रक्रिया केली. पुढे जंतुनाशनाची जोड मिळाली, पोट उघडणे शक्य झाले, मग छाती. मिनिटांचे तास झाले. रोग्याला भूल मिळाली, सर्जनच्या कमरेला मिळाली नाही.

दुसरे कारण शिकवण्याच्या पद्धतीतच आहे. १८८९ मध्ये सुरू झालेल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेडने रेसिडेन्सीची घडी बसवली. वर्षानुवर्षे वरिष्ठांशेजारी उभे राहून शिकायचे. यात टाक्यांबरोबर उभे राहण्याची ढबही आपोआप उचलली जाते. सर मान मोडून काम करत असतील तर विद्यार्थ्याचीही मान तशीच वळते. शिवाय रिट्रॅक्टर (जखमेच्या कडा ओढून धरणारे अवजार) धरणाऱ्या ज्युनिअरच्या वाट्याला उरलेली जागा येते, आणि टेबलाची उंची असते सरांच्या मापाची. पाठ दुखते म्हणणारा रेसिडेंट सर्जरीसाठी कच्चा, हा समज आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजांतही काही कमी नाही.

मधल्या काळात एक संधी आली होती. अमेरिकेतल्या फ्रँक गिल्ब्रेथने गवंड्यांच्या हालचाली तपासून विटा कमरेच्या उंचीवर ठेवणारी परांची बनवली होती. दर विटेमागे वाकण्याची गरजच त्याने काढून टाकली. हाच माणूस १९१० च्या दशकात ऑपरेशन थिएटरात कॅमेरा घेऊन गेला. सर्जनचा किती वेळ अवजार शोधण्यात जातो हे त्याने दाखवले. मागितलेले अवजार नर्सने थेट हातात द्यायचे, ही पद्धत रुळण्याचे श्रेय त्याला दिले जाते. शस्त्रक्रिया वेगवान झाली आणि थिएटरने त्याच्याकडून तेवढेच घेतले. गवंड्याचे वाकणे थांबले, सर्जनचे चालू राहिले.

खरी ठिणगी पडली ती दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने. जर्मनीत एरिक म्यूहे यांनी १९८५ मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढले, फ्रान्समध्ये फिलिप मूरे यांनी १९८७ मध्ये. भारतात ही शस्त्रक्रिया मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९९० मध्ये डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केली. रोग्याला छोटी जखम, कमी वेदना, लवकर सुट्टी. सर्जनच्या बाजूने मात्र हिशोब उलटा होता. पोटाच्या भिंतीतल्या एका ठरलेल्या छिद्रातून लांब दांड्याचे अवजार जाते, त्यामुळे हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे सरकते आणि मनगटाचे स्वातंत्र्य आक्रसते. नजर हातावर नाही, स्क्रीनवर. आणि स्क्रीन बहुतेकदा जिथे जागा असेल तिथे, डोक्याच्या वर किंवा बाजूला. पोट वायूने फुगवलेले आणि अवजारे लांब, म्हणून टेबल उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा खाली हवे. जुनी टेबले तेवढी उतरतच नसत. खांदे उचलून, कोपर बाहेर काढून तासन् तास काम चाले. अवजाराच्या कडीत दाबून अंगठा बधिर होण्याच्या तक्रारी १९९० च्या दशकात वैद्यकीय नियतकालिकांत छापून येऊ लागल्या. अमेरिकन सर्जन रामोन बर्गर यांनी त्याच दशकात स्नायूंवरचा ताण प्रत्यक्ष मोजायला सुरुवात केली, आणि दुखण्याला पहिल्यांदा आकडे मिळाले.

अवजारे कोणाच्या हातासाठी घडवली होती, हेही त्यातूनच बाहेर आले. बर्गर यांच्या २००४ च्या ७२६ सर्जनच्या पाहणीत साडेसहा किंवा त्याहून लहान मापाचे हातमोजे वापरणाऱ्यांना अवजारे वापरणे जास्त अवघड जात असल्याचे दिसले. अर्थात त्यात स्त्रिया अधिक. सर्जरीत येणाऱ्या मुलींची संख्या वाढत असताना याला 'सवयीचा प्रश्न' म्हणणे मला तरी पटत नाही.

२०१० मध्ये एड्रियन पार्क आणि सहकाऱ्यांनी ३१७ लॅपरोस्कोपिक, म्हणजे दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणाऱ्या, सर्जनची पाहणी छापली. ८७ टक्क्यांच्या आसपास लोकांनी कुठे ना कुठे दुखत असल्याचे सांगितले. २०१८ मध्ये २१ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात मानेच्या मणक्यांची झीज १७ टक्के, खांद्याच्या स्नायुबंधांचा त्रास १८ टक्के आणि कमरेच्या मणक्यांची झीज १९ टक्के डॉक्टरांत आढळली. अशा त्रासामुळे सुमारे १२ टक्क्यांना रजा घ्यावी लागली, काम कमी करावे लागले किंवा लवकर निवृत्त व्हावे लागले. रोबोटने हे सुटेल अशी आशा होती. खुर्चीत बसायला मिळाले खरे, पण रोबोट चालवण्याच्या कन्सोलमध्ये डोके खुपसून बसणाऱ्याची मान दुखायची थांबली नाही.

मग शिकवायचे काय? अवजाराची मूठ कोपराच्या पातळीवर किंवा जराशी खाली येईल असे टेबल लावणे. स्क्रीन समोर आणि नजरेच्या थोडी खाली. लूप, म्हणजे चष्म्यावर बसवलेले भिंग, घेतानाच त्याचा खाली बघण्याचा कोन तपासणे, कारण तो चुकला तर पुढची अनेक वर्षे मान त्याची भरपाई करत राहते. उंच आणि बुटका एकत्र असतील तर टेबल उंच माणसाच्या मापाने आणि दुसऱ्याला पायाखाली फळी. अधूनमधून थांबणे हा यातला सगळ्यात वादाचा भाग. हॅनोव्हरच्या बालशल्यविभागात दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे थांबून पाहिले, तर सर्जनच्या शरीरातले ताणाचे संप्रेरक कमी आढळले. २०११ मध्ये ते निष्कर्ष छापले गेले. २०१७ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात दर २० ते ४० मिनिटांनी दीड-दोन मिनिटे, निर्जंतुक गाऊन न उतरवता, मान-खांदे ताणण्याचे व्यायाम होते. एवढे होऊनही २०१९ च्या एका अमेरिकी पाहणीत हे सारे रीतसर शिकवणारे प्रशिक्षण कार्यक्रम जवळपास सापडलेच नाहीत.

तासाभराच्या व्याख्यानाने फारसे बदलत नाही, कारण टेबल वर-खाली करायला सांगण्याचा अधिकार ज्युनिअरकडे नसतो. म्हणून काही ठिकाणी वेगळी वाट धरली जाते. चीर देण्याआधी रोग्याचे नाव, शस्त्रक्रिया आणि बाजू मोठ्याने तपासण्याची प्रथा जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या तपासयादीमुळे सगळीकडे गेली. त्याच थांब्यात टेबलाची उंची, स्क्रीनची जागा आणि पायाखालची फळी विचारून घ्यायची, म्हणजे पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला ते स्वतःहून मागावे लागत नाही.