अडॅप्टर प्लेट की बेल? इंजिन बदलताना होणारी गल्लत

वाळूज एमआयडीसीत आमच्या शेडमध्ये जुन्या स्पोर्ट्‌स कारचं काम घेऊन कुणी आलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘इंजिन दुसरं टाकायचंय, अडॅप्टर करून द्या.’ अडॅप्टर म्हणजे नेमकं काय, हे विचारलं तर निम्मे लोक प्लेटकडे बोट दाखवतात, निम्मे बेल हाउसिंगकडे. दोन्ही वस्तू इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे बसतात, दोन्ही अॅल्युमिनियमच्या, दोन्हीला कडेनं भोकं. पण किट, म्हणजे दुसरं इंजिन बसवायचं तयार जोडसामान, स्वस्तात करायचं असेल तर ही गल्लत सुरुवातीलाच मिटवावी लागते, कारण खर्चाचा सगळा हिशोब तिथेच फिरतो.

गाडी एका कंपनीची आणि इंजिन दुसरीचं, हा प्रकार नवा नाही. आपल्या प्रीमियर ११८ एनईची बॉडी फियाट १२४ च्या घराण्यातली, इंजिन निसानचं. काँटेसाला आधी १४८९ सीसीचं जुनं इंजिन होतं, नंतर इसुझूचं १.८ लिटरचं आलं. ब्रिटनमध्ये एमजी कंपनीनं १९७३ साली स्वतःच्याच एमजीबी जीटीत रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ बसवलं. पण कंपनीला हजारो नग काढायचे असतात, नवं कास्टिंग परवडतं. आपल्याला दहा-वीस किट काढायचे असतात.

आता दोन्ही वस्तू शेजारी ठेवून बघू. बेल हाउसिंग म्हणजे क्लच आणि फ्लायव्हील (इंजिनाच्या मागच्या टोकाचं जड चाक) झाकणारं घंटेच्या आकाराचं कवच. एका तोंडाला इंजिनचा ब्लॉक, दुसऱ्या तोंडाला गिअरबॉक्स. अडॅप्टर प्लेट म्हणजे सपाट जाड चकती. ती कवचाची जागा घेत नाही, जुनं कवच आणि नवं इंजिन यांच्या मधे बसते. एका बाजूच्या भोकांची मांडणी इंजिनची, दुसऱ्या बाजूची गिअरबॉक्सची. म्हणून पहिला प्रश्न असा: तुमच्या गिअरबॉक्सची बेल वेगळी सुटते, की केसिंगबरोबर एकाच कास्टिंगमध्ये ओतलेली आहे? अखंड असेल तर चर्चा संपली, प्लेटच करावी लागणार. सुटी असेल तरच निवड करायला वाव.

प्लेटचा मोह सगळ्यांना होतो, आणि तो योग्यही आहे. ६०६१ किंवा ६०८२ या प्रकारच्या अॅल्युमिनियमची प्लेट आणायची, वॉटरजेटवर (पाण्याच्या धारेनं कापणारं यंत्र) बाह्याकार कापायचा, व्हीएमसीवर (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) भोकं मारायची. पॅटर्न (ओतकामाच्या साच्याचा नमुना) नाही, फौंड्री नाही. बेल ओतायची तर पॅटर्न, कोअर (आतली पोकळी राखणारा गाभा), एलएम २५ या ओतायच्या अॅल्युमिनियमचं कास्टिंग, हीट ट्रीटमेंट आणि मग दोन्ही तोंडांचं मशिनिंग. समजा पॅटर्न आणि फिक्‍श्चरला मिळून दोन लाख लागले आणि किट दहाच विकले, तर प्रत्येक किटवर वीस हजार नुसत्या तयारीचे चढले. शंभर विकले तर दोन हजार. छोट्या संख्येला प्लेट आणि मोठ्या संख्येला बेल, इथपर्यंत सगळ्यांना पटतं.

लोक अडकतात ते प्लेटच्या जाडीपाशी. इंजिनाकडे जाणाऱ्या बोल्टची डोकी प्लेटच्या आत बुडवावी लागतात, नाहीतर बेल टेकणारच नाही. एम १० अॅलन बोल्टचं डोकं १० मिलिमीटर उंच असतं. खाली निदान सहा मिलिमीटर धातू हवा. म्हणजे प्लेट १६ मिलिमीटरची झाली, आणि गिअरबॉक्स तेवढाच मागे सरकला. गिअरबॉक्समधून पुढे येणाऱ्या इनपुट शाफ्टचं नाक क्रँकमधल्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यातल्या, पायलट बुशमध्ये (त्या नाकाला आधार देणारी कडी) तेवढंच कमी शिरतं. क्लचप्लेट शाफ्टच्या स्प्लाइनवर (लांबीच्या खाचांवर) तेवढीच पुढे सरकते. मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट तेवढा आखूड करावा लागतो. मग फ्लायव्हील मागे आणायला स्पेसर घालतात, तर त्याच्या कडेचा दातेरी रिंग गिअर हलतो आणि सेल्फचं पिनियन (छोटं दातचाक) नीट गुंतत नाही. सेल्फ गिअरबॉक्सच्या बाजूला बसत असेल तर सुटका, इंजिनाच्या बाजूला असेल तर सेल्फही सरकवा. आणि कधी इंजिनाचं भोक आणि गिअरबॉक्सचं भोक एकमेकांवर चढतं. तिथे प्लेट कितीही जाड केली तरी जमत नाही, बेलच करावी लागते. बेलची खोली मात्र आपण ठरवतो, त्यामुळे शाफ्ट हवा तिथेच पोचतो.

भोकं जुळली म्हणजे काम झालं असंही नाही. जनरल मोटर्सचं एलएस इंजिन जुन्या स्पोर्ट्‌स कारमध्ये सर्रास टाकतात. १९५५ च्या शेव्हरलेट व्ही-८ ची बेलची भोकं आणि एलएसची भोकं एखादं सोडल्यास सारखीच आहेत, जुनी बेल त्यावर चढते. पण बहुतेक एलएस इंजिनांत क्रँकचं मागचं तोंड सुमारे १० मिलिमीटर आत आहे. इथे प्लेटही नको, नवी बेलही नको. स्पेसर आणि लांब पायलट बेअरिंग एवढंच पुरतं. खोली आधी मोजली असती तर कित्येकांचे पैसे वाचले असते.

एक गोष्ट मात्र प्लेट असो की बेल, दोन्हीला लागू: डॉवेल, म्हणजे भोकात घट्ट बसणारी पिन. एम १० बोल्टचं भोक साधारण ११ मिलिमीटरचं असतं, म्हणजे जोडणी कुठल्याही बाजूला अर्धा मिलिमीटर सरकू शकते. बोल्टनं आवळायचं असतं, जागा दाखवायची असते ती डॉवेल पिननं. गेल्या वर्षी एक किट आमच्याकडे उघडायला आलं, दुसऱ्या एका शेडमध्ये केलेलं. प्लेट सुंदर, पॉलिश केलेली, डॉवेल एकही नाही. गाडी मालक म्हणाले, ‘न्यूट्रलला घरघरतं, क्लच दाबला की थांबतं, आणि तिसरा गिअर आपोआप निसटतो.’ पायलट बुश बाहेर काढली तर एका बाजूनं खाल्लेली, बोट फिरवलं तरी कळत होतं. फ्लायव्हीलवर डायलचा (काट्यानं बारीक फरक दाखवणारं मापयंत्र) मॅग्नेट लावला, टोक बेलच्या मधल्या बोअरला टेकवलं आणि क्रँक हातानं सावकाश फिरवला. काटा एकंदर ०.६० मिलिमीटर फिरला. केंद्र त्याच्या निम्मं, ०.३० सरकलेलं. चालतं किती? पूर्ण फेरीत काटा इंचाचे पाच हजारांश भाग, म्हणजे जेमतेम ०.१३ मिलिमीटर.

आम्ही नवी प्लेट केली. क्रँकच्या केंद्रावरून दोन्ही बाजूंची डॉवेल भोकं एकाच क्लॅम्पिंगमध्ये मारली, जॉब मधे सोडला नाही. एकदा सोडून परत धरला की हव्या त्या अचूकतेचा भरवसा राहत नाही. डॉवेल हलक्या हातोडीनं आत गेल्या, शेवटच्या दोन ठोक्यांना आवाज बदलला. डायल पुन्हा लावला. काटा ०.०५ वर थांबला.

रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर हे सगळं करण्याआधी आरटीओत जा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय इंजिन बदलता येत नाही. आणि आमच्याकडे येताना जुनी बेल, क्लचप्लेट आणि इनपुट शाफ्टचं माप घेऊन या. नुसता मोबाइलमधला फोटो नको.