रक्ततपासणीतले चुंबकीय मणी : पार्श्वभूमी

थायरॉइडची संप्रेरकं किंवा ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) मोजणाऱ्या अनेक स्वयंचलित यंत्रांत रक्ताच्या नमुन्यात तपकिरी रंगाचा एक द्रव मिसळला जातो. त्यात काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचे चुंबकीय मणी असतात. प्रयोगशाळेत त्यांना बीड्सच म्हणतात. रक्त, लघवी, दूध यांना स्वतःचं चुंबकत्व नसल्यासारखंच असतं. त्यामुळे नमुना कितीही गढूळ असला, तरी त्यातून फक्त हे मणी आणि त्यांना चिकटलेलं तेवढं बाजूला ओढता येतं.

याचा सैद्धांतिक पाया 1949 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नेल यांनी घातला. लोहाच्या ऑक्साइडचा कण साधारण 20 नॅनोमीटरपेक्षा लहान झाला, की नुसत्या उष्णतेनेच त्याच्या चुंबकत्वाची दिशा सतत पालटत राहते. जवळ चुंबक आणला की तो ओढला जातो, दूर नेला की त्याच्यात चुंबकत्व उरत नाही. हा गुण नसता, तर एकदा चुंबकाजवळ गेलेले कण एकमेकांनाच चिकटून बसले असते. मात्र इतक्या लहान कणावरचं ओढबळ फारच कमी असतं. म्हणून असे असंख्य कण एकाच प्लास्टिकच्या मण्यात कोंबावे लागतात.

खरी अडचण मण्यांच्या आकाराची होती. मणी लहानमोठे असले, तर काही लगेच ओढले जातात, काही मागे राहतात आणि मोजमाप प्रत्येक वेळी वेगळं येतं. अगदी एकसारखे मोठे मणी बनवण्यासाठी नासाने 1982 मध्ये स्पेस शटलमधून प्रयोग पाठवला, कारण पृथ्वीवर ते तळाशी बसतात किंवा वर तरंगतात. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमचे रसायनशास्त्रज्ञ यॉन उगेलस्टाड यांनी मात्र 1970च्या दशकातच बारीक पॉलिस्टायरीन कण टप्प्याटप्प्याने फुगवून ते जमिनीवर साधलं होतं. पुढे त्यांनी मणी सच्छिद्र केले आणि छिद्रांतच लोहाचं ऑक्साइड तयार केलं. 2.8 आणि 4.5 मायक्रॉनचे हे मणी डायनाबीड्स या नावाने बाजारात आले. 1984 मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी न्यूरोब्लास्टोमा (चेतापेशींचा एक कर्करोग) झालेल्या मुलांच्या अस्थिमज्जेतून कर्कपेशी काढण्यासाठी चुंबकीय मणी वापरल्याचं प्रसिद्ध केलं.

हाताने काम करताना क्रम साधा असतो. बाटली नीट हलवून तळाला बसलेले मणी सारखे पसरवायचे, बफरने (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) धुवायचे, नमुन्यात मिसळून नळी फिरवत ठेवायची, मग एक-दोन मिनिटं चुंबकाला लावून द्रव काढून टाकायचा आणि पुन्हा धुवायचं. काम बिघडतं ते बहुधा धुताना. मणी सुकले की गुठळ्या होतात आणि त्या पुन्हा सुटत नाहीत. बफरमध्ये थोडं ट्वीन (साबणासारखा सौम्य पदार्थ) आणि बीएसए (गाईच्या रक्तातलं एक प्रथिन) नसेल, तर नको ती प्रथिनंही पृष्ठभागावर चिकटतात. डीएनए काढताना इथेनॉल मागे राहिलं, तर पुढचा पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची प्रक्रिया) अडतो.

यंत्रांतल्या तपासण्यांत अनेकदा मण्यावर स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन आणि हवा तो पदार्थ पकडणाऱ्या प्रतिपिंडावर बायोटिन हे जीवनसत्त्व असतं. ही जोडी अतिशय घट्ट बसते, आणि घोळही तिथेच होतो. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तातलं बायोटिन मण्यावरच्या जागा अडवतं. मग टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) खोटं कमी आणि फ्री टी4 (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) खोटं जास्त दिसतं. म्हणजे थायरॉइड अतिसक्रिय असल्याचं चुकीचं चित्र उभं राहतं. ट्रोपोनिनही खोटं कमी येऊ शकतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने 2017 मध्ये याबद्दल इशारा दिला. त्यानंतर काही उत्पादकांनी आपली रसायनं बदलली. नमुना घेण्याआधी या गोळ्यांबद्दल विचारणं प्रयोगशाळेने टाळू नये.

मण्यांनाच मोजण्याची कल्पना 1988 मध्ये सापडलेल्या जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्समधून आली. यात चुंबकीय क्षेत्रामुळे धातूच्या पातळ थरांचा विद्युतरोध लक्षणीय बदलतो. 1998 मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड बॅसेल्ट आणि सहकाऱ्यांनी 2.8 मायक्रॉनचे मणी या तत्त्वावर चालणाऱ्या संवेदकावर पकडून दाखवले. मण्याचं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होतं. त्यामुळे संवेदकावरचं संरक्षक आवरण जाड ठेवलं तर संकेत हरवतो, पातळ ठेवलं तर खारट द्रव आत झिरपून धातू गंजतो. या चिपांची बरीचशी मेहनत आजही त्या आवरणावरच खर्च होते.