क्रोशात ओवलेला मणी आन् चढवलेला मणी एक नाही

तान्हा पोळा जवळ आला की दरवर्षी तोच घोळ. पोरांच्या लाकडी नंदीला झूल करायची, तिच्यात मणी हवे, मग एक म्हणते दोऱ्यात आधीच ओवून घे, दुसरी म्हणते टाका घालताना क्रोशाच्या सुईनं चढव, आन् तिसरी म्हणते एकच आहे वो ताई, कसंही कर. एकच नाहीये!

ओवणं तर काय, सगळ्यांनाच येतं. रंगांचा नमुना असेल तर उलटा ओवा, कारण शेवटी ओवलेला मणी सगळ्यात आधी लागतो, बस. चढवायचं म्हणजे सुईवरचा फास काढायचा, मणी ०.६ मिमीच्या बारीक सुईवर घ्यायचा, तिच्याच आकड्यानं फास धरून मण्यातून ओढायचा आन् परत आपल्या सुईवर.

आता ज्याच्यात सगळ्या फसतात ते. ओवलेल्या मण्यातून दोऱ्याचा एकच पदर जातो, म्हणून तो आडवा पडतो, आन् मुका खांब, म्हणजे क्रोशाचा बुटका टाका, घालताना सरकवला की तो पाठीमागच्या बाजूलाच जाऊन बसतो. म्हणजे उलटी बाजू आपल्याकडे असेल त्याच ओळीत मणी घालायचा, एकाआड एक. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. भाच्याच्या नंदीची झूल केली, सुलट ओळीत मणी घालत गेले, अंगावर टाकली तर सगळे लाल मणी आतून लाकडाला टेकलेले आन् वरून नुसता पांढरा दोरा. रात्री बारापर्यंत उसवत बसले होते. गोल रुमालात तर काम उलटतच नाही, तिथं सगळे मणी मागंच राहतात, मग मागची बाजूच सुलट धरायची.

चढवलेल्या मण्यातून फासाचे दोन्ही पदर जातात, म्हणून तो उभा राहतो आन् दोन्हीकडून दिसतो. दाराच्या तोरणाला मी हाच घालते, ये-जा करणारा दोन्ही बाजूंनी पाहतो ना. झुलीला मात्र ओवलेलाच, पटापट होते. फक्त मोजून ओवा, कमी पडले तर दोरा तोडावा लागतो.

युरोपातली बॉबिन लेस, उशीवर टाचण्या टोचून करतात ती, तिच्यातही असंच आहे, एकतर बॉबिनवर, म्हणजे दोऱ्याच्या काडीवर, दोरा गुंडाळायच्या आधी मणी ओवतात नाहीतर दोऱ्याचा फास मण्यातून ओढून जोडीची बॉबिन त्यातून काढतात. फोटोत बॉबिनच्या टोकाला मण्यांचं कडं दिसतं ते लेसमध्ये जात नाही, ते वजनासाठी असतं, दरवेळी तेच विचारू नका.

आन् गमानं मणी चिकटवणं बंद करा, एका धुण्यात निघतात.

मण्याचा नंबर वाढला की मणी बारीक होतो, ६ नंबरचा साधारण ४ मिमी, ११ चा २ मिमीच्या आसपास. १० नंबरचा दोरा दुपदरी करून ११ च्या मण्यात जात नाही, म्हणून दोऱ्याचा तुकडा सोबत न्या, दुकानातच दुपदरी घालून पाहा, नाही गेला तर तो मणी ओवायच्याच कामाचा.