‘आरव्हीजी’चा घोळ आणि दोन दातांमधली कीड

सांगली-मिरजेकडे दातांच्या डॉक्टरांनी ‘एक आरव्हीजी काढू’, म्हणजे दाताचा डिजिटल एक्स-रे काढू, असं म्हटलं, की पेशंटला वाटतं, आता सगळं कळणार. साताऱ्यातही तेच. दोन दातांच्या फटीतली कीड कशी शोधायची, या प्रश्नात या एका शब्दाने जेवढा घोळ घातला, तेवढा कुठल्या मशीनने घातला नसेल.

क्ष-किरण १८९५ च्या अखेरीस सापडले आणि महिना-दोन महिन्यांत जर्मनीत दातांचा फोटोही निघाला. त्यासाठी २५ मिनिटं न हलता बसावं लागलं. पण फटीतल्या किडीपुरतं बोलायचं तर खरी कलाटणी १९२५ ची, बाइटविंगची. फिल्मला कागदाचा पंख लावायचा, पेशंटने तो दाढांनी चावून धरायचा आणि किरण फटीतून सरळ सोडायचे. वरच्या-खालच्या दाढांचे माथे एकाच फोटोत येतात. मुळाचा फोटो काढताना कोन जरा चुकला, तर शेजारचे दात एकमेकांवर चढलेले दिसतात आणि कीड नेमकी त्या पांढऱ्या पट्ट्याआड लपते.

पुढे फिल्मचा वेग वाढला, किरणांची मात्रा घटली. क्लिनिकच्या कोपऱ्यात हात घालायला दोन भोकं असलेली पेटी, आत फिल्म धुवायची रसायनं, म्हणजे डेव्हलपर आणि फिक्सर, चिमट्याला टांगलेली ओली फिल्म. या रसायनाला साधारण २० अंश तापमान मानवतं. एप्रिल-मेमध्ये सांगलीत टाकीचं पाणीच त्याहून गरम! वेळेचं गणित चुकलं की फिल्म काळी पडायची आणि किडीची पुसट छटा त्यातच जायची.

मग १९८० च्या दशकात फ्रान्समध्ये तोंडात ठेवायचा डिजिटल सेन्सर आला. आरव्हीजी हे तिथल्या एका कंपनीच्या यंत्राचं नाव. झेरॉक्सचं झालं तसंच इथं झालं: सेन्सर कुणाचाही असो, फोटो आरव्हीजीच. पण हा शब्द फोटो कशावर उमटला एवढंच सांगतो, कोणत्या कोनातून घेतला हे सांगत नाही. सेन्सरवर बाइटविंग निघतं आणि मुळाचा फोटोही. नुसतं ‘आरव्हीजी’ म्हटलं की बहुधा दुखऱ्या दाताचं मूळ टिपलं जातं. शेजारची न दुखणारी कीड राहते तिथेच.

‘डिजिटल म्हणजे जास्त अचूक’ ही क्लिनिकच्या बोर्डावरची भाषा. काढलेल्या दातांचे फोटो घेऊन, मग तेच दात कापून केलेल्या तुलनांमध्ये फिल्म, सेन्सर आणि प्लेट (तोंडात ठेवून फोटो उमटवायची आणि मग यंत्रात स्कॅन करायची) बहुतेक वेळा सारख्याच ठरल्या. खनिज ३० ते ४० टक्के झिजेपर्यंत कीड यांपैकी कशातच नीट दिसत नाही. सेन्सरचा फायदा वेगळा: चित्र लगेच दिसतं, रसायनं नकोत, जुन्या संथ फिल्मपेक्षा किरण कमी. तोटा म्हणजे तो जाड, कडक, वायर असलेला. लहान मुलं जिभेने ढकलून देतात, फोटो पुन्हा काढावा लागतो आणि वाचलेले किरण तिथेच खर्च होतात. प्लेट पातळ असते, तोंडात सोसते.

मोठ्या फोटोंनीही फटीतली कीड हाती लागत नाही. पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, म्हणजे ओपीजीत, पुढच्या दाढा एकमेकींवर चढतात. सीबीसीटी या त्रिमितीय स्कॅनमध्ये चांदी भरलेल्या दाताशेजारी काळे पट्टे उमटतात आणि तेच किडीसारखे दिसतात.

चिठ्ठीवर ‘बाइटविंग’ लिहिलेलं मी अलीकडे एकदाच पाहिलं. तेही खोडून वर ‘आरव्हीजी’ केलं होतं.