‘लीव्ह इट’ आणि ‘ड्रॉप इट’: पिल्लासाठी ही दोन वेगळी कामं आहेत

चायनीजच्या गाडीमागे पडलेल्या कोंबडीच्या हाडाकडे कुत्र्याचं पिल्लू झेपावतं आणि आपण ‘नो!’ म्हणून ओरडतो. हाड तोंडात गेलं की तोच ‘नो!’ आणखी मोठ्याने. पण या दोन क्षणांत पिल्लाकडून हवं असलेलं काम एक नाही. आधी हवं होतं ते त्याने तोंडच लावू नये हे. आता हवंय ते जबडा उघडून, हाती लागलेली चविष्ट गोष्ट सोडून देणं. एकाच आरोळीतून यातलं नेमकं काय करायचं हे त्याला कळणार कसं? म्हणून वस्तू तोंडात जायच्या आधी ‘लीव्ह इट’ आणि गेल्यावर ‘ड्रॉप इट’, अशा दोन आज्ञा वेगवेगळ्या शिकवायच्या. शब्द ‘नको’ आणि ‘दे’ ठेवलेत तरी चालतील, फक्त घरातल्या सगळ्यांनी तेच वापरायचे.

‘लीव्ह इट’ची सुरुवात मुठीपासून होते. मुठीत साधं बिस्किट धरा आणि मूठ पिल्लाच्या नाकापुढे ठेवा. ते चाटेल, कुरतडेल, पंजा मारेल, भुंकेलसुद्धा. आपण गप्प राहायचं. मूठ उघडायची नाही, मागेही ओढायची नाही. कधीतरी कंटाळून त्याचं नाक जरासं मागे जातं. त्याच क्षणी ‘येस’ म्हणा आणि दुसऱ्या हातातून उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा बारीक तुकडा द्या. मुठीतलं बिस्किट मात्र शेवटपर्यंत द्यायचं नाही. ते दिलंत तर पिल्लू शिकतं की जरा थांबलं की ती वस्तू मिळते, आणि रस्त्यावरच्या हाडाबाबत आपल्याला नेमकं हेच नकोय. (जेवणाच्या भांड्यापुढे थांबवून मग ‘ओके’ म्हणणं हा ‘वेट’चा धडा, तो निराळा.) मूठ दिसताच पिल्लू आपणहून मागे व्हायला लागलं की मगच शब्द जोडायचा. पुढे उघडा तळहात, मग फरशीवरचं बिस्किट, आणि शेवटी पट्टा लावून त्या बिस्किटाशेजारून चालत जाणं. एका वेळी दोन-तीन मिनिटं पुरे.

‘ड्रॉप इट’ मुळातच देवाणघेवाण आहे. पिल्लाला दोरीचं खेळणं द्या, थोडं ओढाओढी खेळा, मग हात एकदम स्थिर करा. खेळणं हललं नाही की त्यातली मजा जाते. आता ‘दे’ म्हणा आणि लगेच चिकनचा तुकडा नाकाशी न्या. तुकडा घ्यायला तोंड उघडावंच लागतं, खेळणं खाली पडतं. तुकडा खाऊन झाला की खेळणं परत द्या. ही परत देण्याची पायरी बहुतेक लोक गाळतात आणि माझ्या मते सगळं त्यावरच अवलंबून आहे. दिलेली वस्तू बहुतेक वेळा परत मिळते आणि वर खाऊही मिळतो, हे पटलेलं पिल्लू तोंडातली गोष्ट घेऊन आपल्याकडे येतं. दर वेळी हिसकावून घेतलं जाणारं पिल्लू सोफ्याखाली जातं.

चप्पल घेऊन पळणाऱ्या पिल्लामागे धावूही नये. त्याच्यासाठी तो पकडापकडीचा खेळ असतो आणि त्यात नेहमी तेच जिंकतं. कोपऱ्यात गाठून जबडा उचकटणं त्याहून वाईट. यातून कुत्रा दोन गोष्टी शिकतो: माणूस जवळ आला की पटकन गिळून टाकायचं, किंवा गुरगुरायचं. गुरगुरल्याबद्दल मार दिला तर गुरगुरणं बंद होतं, भीती मात्र तशीच राहते. अशा कुत्र्याने पुढे एक दिवस थेट चावा घेतला, तर त्याचा दोष त्याला देता येणार नाही.

मग आधी कुठलं शिकवायचं? मी ‘ड्रॉप इट’ म्हणेन. पिल्लू साधारण आठ आठवड्यांचं असताना घरी येतं, तेव्हा त्याचे दुधाचे 28 दात येत असतात किंवा नुकतेच आलेले असतात. पुढे सहा-सात महिन्यांपर्यंत ते पडून कायमचे 42 येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि मोजे, वायर, चार्जर, जे दिसेल ते तोंडात जातं. मोहाकडे पाठ फिरवण्याइतका संयम यायला वेळ लागतो, तोवर तोंडातलं बाहेर काढता येणं ही रोजची गरज आहे. ‘लीव्ह इट’चा मुठीचा खेळ सोबत सुरू ठेवावा, पण रस्त्यावर त्याच्या भरवशावर लगेच राहू नये.

शिजवलेल्या हाडाच्या चिपा होतात. आंब्याची कोय आणि मक्याच्या कणसाचं बुरकुंड आतड्यात अडकतं. मनुका मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल रक्तातली साखर झपाट्याने खाली आणतं. यातलं काही पिल्लाच्या तोंडात दिसलं आणि ‘दे’ अजून पक्कं नसेल, तर ओरडू नका. मूठभर खाऊ जमिनीवर पसरा. ते टिपायला पिल्लू तोंडातली वस्तू टाकतं, तेवढ्यात त्याला पट्ट्याने बाजूला घ्या आणि मग वस्तू उचला.

गिळलंच असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. टोकदार वस्तू वर येताना अन्ननलिका फाडू शकते, आणि मिठाचं प्रमाण वाढलं तर तेच जीवघेणं ठरतं. कोय गिळल्याची शंका असेल तर त्रास दिसायची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. काय गिळलं, अंदाजे किती आणि किती वाजता, हे सांगा. वेष्टन किंवा गोळ्यांचं पाकीट सापडलं तर तेही सोबत न्या.