जर्मनीत ब्लू कार्डवर आहात, लग्न जर्मन नागरिकाशी ठरलंय: अर्ज कुठे अडतो?

नोकरीच्या ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणाऱ्या रहिवास परवान्यावर, जर्मनीत आलात आणि लग्न तिथल्या नागरिकाशी ठरलं, तर पती-पत्नी म्हणून मिळणारा रहिवासाचा परवाना हा शेवटचा आणि त्यातल्या त्यात सोपा टप्पा. माणसं अडकतात त्याच्या कितीतरी आधी, श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे विवाह नोंदणी कार्यालयात.

तिथल्या यादीत 'एहेफेहिगकाइट्सत्सोयग्निस' नावाचा कागद असतो. तुमच्या देशाच्या कायद्यानुसार लग्नाला अडसर नाही, असं तुमच्या सरकारने दिलेलं प्रमाणपत्र. भारतात असा दाखला कुणीही देत नाही, म्हणून तहसील आणि कलेक्टर कचेरीत खेटे घालू नका. त्याऐवजी त्या अटीतून सूट मागायची असते. अर्ज श्टांडेसआम्टमार्फतच जातो, निर्णय उच्च प्रादेशिक न्यायालय देतं. ही सूट फक्त सहा महिने चालते. हॉल आणि पाहुण्यांची विमानतिकिटं ठरवून मग अर्ज करणाऱ्यांची फार ओढाताण होते. आधी सूट हातात येऊ द्या, मग तारीख धरा.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो जन्मदाखला. अनेकांच्या जुन्या दाखल्यात बाळाच्या नावाची जागा कोरीच असते, कारण नोंद बारशाआधी झालेली. शाळा सोडल्याचा दाखला जोडून भागत नाही. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव चढवून नवा दाखला घ्या. वडिलांचं नाव पासपोर्टवर एक आणि दाखल्यावर दुसरं असेल, तर तेही आत्ताच दुरुस्त करा.

त्यावर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, करून आणायला एजंट पैसे घेतात. भारत 2005 पासून अपॉस्टिल करारात आहे, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतलेली असल्यामुळे तो शिक्का तिथे चालत नाही. त्याऐवजी कागदांची पडताळणी होते: जर्मन कार्यालय भारतातल्या जर्मन वकिलातीला विनंती करतं, वकिलात स्थानिक वकील नेमते आणि तो मूळ नोंदी तपासतो. खर्च तुमचा, आणि वेळ काही महिन्यांचा. तुम्ही स्वतः वकिलातीत गेलात तर परत पाठवतील, विनंती जर्मन कार्यालयाकडूनच जावी लागते. हे काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही, याचा मला खरोखर राग येतो.

अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र देताना एक कळकळीची विनंती. दोघंही हिंदू असाल आणि गावी सप्तपदी झाली असेल, तर नोंदणी नसली तरी 1955 च्या कायद्याने लग्न झालेलं असतं. 'तो नुसता कार्यक्रम होता' म्हणून अविवाहित लिहू नका. आधी घटस्फोट झालेला असेल, तर भारतातल्या निकालाला जर्मनीत वेगळी मान्यता घ्यावी लागू शकते; त्या वेळी पती-पत्नी दोघंही फक्त भारतीय नागरिक असतील तर सहसा लागत नाही.

भारतातच लग्न करू म्हणाल, तर जोडीदार हिंदू नसेल तेव्हा बहुधा 1954 चा विशेष विवाह कायदा लागतो. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात नोटिशीआधी किमान 30 दिवस राहिलेलं असावं लागतं आणि नोटिशीनंतर आणखी 30 दिवस थांबावं लागतं. दोन आठवड्यांच्या रजेत हे बसत नाही. दर दिवाळीत कुणीतरी याच हिशेबात फसतं.

लग्नानंतर परदेशी नागरिक कार्यालयाची वेळ घ्या. विवाह प्रमाणपत्र, पासपोर्ट, फोटो, घराचा करार. ब्लू कार्ड चालू असेल तर व्हिसासाठी भारतात परतावं लागत नाही.

मात्र ब्लू कार्ड घाईने सोडू नका. त्यावर कायम वास्तव्य 27 महिन्यांत मिळू शकतं, जर्मन भाषा बी-1 पातळीपर्यंत (मध्यम) येत असेल तर 21 महिन्यांत. पती-पत्नी म्हणून मिळणाऱ्या परवान्यावर तीन वर्षं लागतात. शिवाय जर्मनीतला संसार तीन वर्षांच्या आत मोडला तर तो परवाना धोक्यात येतो. दोन्ही परवाने एकाच वेळी ठेवता येतात का, हे अर्ज देतानाच लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.